मे महिन्याची सुट्टी, भरलेलं घर आणि एडीएचडी: तुम्ही कसं निभावता?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची अमळनेर तालुक्यातली, लग्नानंतर पुण्यात. मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेतल्या तक्रारींवरून त्याची तपासणी झाली आणि त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं ती अवस्था) असल्याचं कळलं. त्या वेळी डॉक्टरांनी माझ्या लहानपणाबद्दलही बरंच विचारलं, आणि पुढे माझंही निदान झालं. मी सकाळी नाश्त्यानंतर मिथाइलफेनिडेटची दिवसभर पुरणारी गोळी घेते. मुलाचं औषधही तेच, डोस लहान.

पुण्यात आमचं बरं चाललंय. फ्रिजवर वेळापत्रक आहे, दाराजवळ किल्ल्यांचा खिळा आहे, मोबाइलला गजर आहेत. नवऱ्यालाही आता कळतं की मला एका वेळी एकच गोष्ट सांगायची.

अडचण मे महिन्याची आहे. माहेरी आई-आप्पा, दोन्ही काका, चुलतभाऊ, वहिन्या, आत्या आणि सगळ्यांची पोरं मिळून वीस-पंचवीस माणसं असतात. मला हे घर फार आवडतं, वर्षभर मी त्याची वाट बघते. पण तिथे पोचलं की दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं चालेनासं होतं. उन्हामुळे कामं पहाटे पाचला सुरू होतात. नाश्ता कधी आठला, कधी पाहुणे आले की साडेदहाला. गोळी तेवढी पुढे जाते आणि रात्री गच्चीवर सगळे गाढ झोपले की मी चांदण्या मोजत पडते. कूलरचा आवाज, टीव्ही, मिक्सर, पोरांची भांडणं, सगळं एकदम. स्वयंपाकघरातून मीठ आणायला निघते, वाटेत आत्या पाण्याचा तांब्या मागते, काका फोनचं चार्जर मागतात, आणि मी ओट्याजवळ जाऊन नुसती उभी राहते. काकू प्रेमानेच म्हणते, "तुनं ध्यान कोठे शे वं?" सगळे हसतात. मीही हसते. पण दिवसभर हेच ऐकलं की संध्याकाळी जीव नको होतो.

जेवणाचं आणखी वेगळंच. गोळीमुळे दुपारी भूकच लागत नाही. समोर शेवभाजी, आमरस, मांडे, आणि मी अर्धी पोळी खाऊन उठते. मग आईचा चेहरा उतरतो. मुलाला तर "वांड" हे नावच पडलंय.

त्यातून यंदा चुलतभावाने ट्रॅव्हलर ठरवलीय: पाटणादेवी, अजिंठा, मग तोरणमाळला एक मुक्काम. ग्रुपवर बेत तासातासाला बदलतोय.

तुमच्यापैकी कुणाला स्वतःला किंवा घरात कुणाला हे असेल, तर भरल्या घरातली सुट्टी कशी निभावता ते सांगा. डॉक्टरांशी बोलणारच आहे. मला घरात वावरायचं कसं ते हवंय. आणि घरच्यांना किती सांगायचं?

*

केळीची_बाग

ताई, मी चोपड्याकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरी केळीची शेती, एकत्र कुटुंब. माझंही निदान चाळिशीच्या आसपास झालं. मुलींमध्ये धावपळ-दंगा कमी आणि हरवलेपण जास्त असतं, त्यामुळे आमच्या पिढीतल्या कितीतरी जणी "वेंधळी" म्हणूनच मोठ्या झाल्या. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पुण्यात तुम्ही जास्त शहाण्या आणि माहेरी आल्यावर कमी शहाण्या, असं काही होत नाही. एडीएचडीत काय करायचं हे माहीत असतं. ते ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने करायला बाहेरून आधार लागतो. शाळेची घंटा, ऑफिसची वेळ, फ्रिजवरचा कागद हे ते आधार. सुट्टीत ते सगळे एकदम निघून जातात, आणि बाकीच्यांना नेमकी त्याचीच मजा वाटते. म्हणून आख्खं वेळापत्रक माहेरी न्यायचा प्रयत्न करू नका, टिकणार नाही. दोन-तीनच खुंट्या ठोका, पण त्या हलू देऊ नका.

पहिली खुंटी सकाळचं खाणं. घरच्या नाश्त्याची वाट बघायचीच नाही. मी रात्रीच एक कळण्याची भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवते. सकाळी चहा उकळत असताना ती दूध घालून किंवा तेल-चटणीशी खाते, आणि लगेच गोळी. नंतर पोहे झाले तर सगळ्यांबरोबर थोडे घेते. ही दिवसभराची गोळी आठ ते बारा तास काम करते, त्यामुळे साडेदहाला घेतली तर रात्रीची झोप जाणारच. मुलाचंही तुमच्याबरोबरच उरका. आणि आईला आधीच सांगून ठेवा की तुमची भूक सकाळी आणि रात्री असते, दुपारी नाही. माझ्या सासूबाई आता माझ्या वाटणीचा रस झाकून ठेवतात, मी रात्री आठनंतर पोटभर जेवते. त्यांना कारण कळल्यावर राग गेला. आधी त्यांना वाटायचं, हिला आपल्या हाताची चव आवडत नाही.

दुसरी गोष्ट कामाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. माहेरवाशीण म्हणून तुम्हाला कुणी मोठं काम देत नसणार. "तू बस, फक्त हे आण, ते दे." ते वरकाम आपल्यासाठी सगळ्यात अवघड असतं. त्यात पाच माणसांची पाच वाक्यं डोक्यात धरून घरभर फिरायचं, आणि दर पावलाला कुणीतरी मध्ये बोलणार. एडीएचडीत तात्पुरतं लक्षात ठेवण्याचीच ताकद कमी पडते, मग ओट्याजवळ उभं राहायची वेळ येते. यावर उपाय म्हणजे कुणी काम सांगायच्या आत आपण आपलं काम धरायचं. एकच, हाताचं, आणि जिथे शेवट डोळ्यांना दिसतो असं.

मी खापर धरते. आमच्याकडे मांडे माझ्याकडेच असतात. कणीक पाण्याच्या हाताने तिंबून तिंबून इतकी सैल करायची की ती उचलली की लोंबते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन, कोपरापर्यंत खेळवत, मोठा मोठा करत न्यायचा आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. त्या क्षणी दुसरा विचार आला तर मांडा फाटतो. पण येतच नाही. चूल समोर, हातावर ओझं, वाफ तोंडावर, सगळं लक्ष आपोआप तिथे गोळा होतं. तासन्‌तास बसते मी. घरातलं कुणीही तेव्हा मला मीठ आणायला सांगत नाही, कारण माझे हात अडकलेले दिसतात.

मांडे जमत नसतील तर कुरडया. मे महिन्यात त्या घरोघरी असतातच. चीक शिजवताना ढवळायचं काम मागून घ्या. पहाटेची वेळ, गाठी होऊ द्यायच्या नाहीत म्हणून हात थांबवता येत नाही, आणि सोऱ्यातून घालत गेलं की गच्चीवरची खाट भरत जाते. खाट भरली की काम संपलं. हे संपणं आपल्याला फार लागतं.

घरच्यांना किती सांगायचं? माझं मत असं की वीस माणसांना एडीएचडी समजावत बसू नका. एका माणसाला नीट सांगा. मी माझ्या धाकट्या जावेला सांगितलं: "मला ऐकू येत नाही असं नाही. तीन आवाज एकदम आले की मला एकही धरता येत नाही. तू मला समोर येऊन, एका वेळी एकच सांगत जा." बस, एवढंच. आजाराचं नाव तिने नंतर स्वतःहून विचारलं. आता कुणी लांबून हाक मारून चार कामं सांगायला लागलं की ती म्हणते, "ताईला एकेक सांगा." घरात एक माणूस असं बोलायला लागलं की बाकीचे शिकतात. तुमच्याकडे कोण आहे असं? वहिनी असेल तर उत्तम, कारण ती स्वयंपाकघरात असते.

"ध्यान कोठे शे" यावर हसू नका. तुम्ही हसता म्हणून त्यांना वाटतं, हिला हे आवडतं. काकू एकटी असताना तिच्याजवळ बसून सांगा की मला हे लागतं. आपल्याकडच्या बायका तोंडाने फटकळ असतात, पण असं सांगितलेलं कुणी उडवून लावत नाही.

विसाव्याचं म्हणाल तर आपल्या उन्हाळ्याने ती सोय केलीच आहे. बारा ते चार आख्खं गाव दारं लावून पडलेलं असतं. कूलरच्या खोलीत पत्त्यांचा डाव असतो, तिथे जाऊ नका. मी धान्याच्या खोलीत जाते. अंधार, जाड भिंती, ज्वारीच्या पोत्यांचा वास, आवाज शून्य. झोप आली नाही तरी चालतं. "जरा पडते" म्हटलं की मे महिन्यात कुणी का म्हणून विचारत नाही.

आणि मुलाबद्दल. शिक्षिका म्हणून कळकळीने सांगते, "वांड" हा शिक्का या सुट्टीतच पुसा. ऊन चढायच्या आत त्याला तासभर पळू द्या, मळ्यात, नदीपात्रात, कुठेही. आणि त्याला खरं काम द्या. आमच्या पुतण्याला कूलरमध्ये पाणी भरायचं काम आहे. दिवसातून कितीदा तरी भरावं लागतं, बादल्या वाहून तो दमतो, आणि आल्या-गेल्याला आजोबा सांगतात की या घराचा गारवा याच्यामुळे आहे. संध्याकाळी गोळीचा अंमल उतरतो तो तासभर मात्र त्याला पाहुण्यांसमोर उभं करू नका. "कविता म्हणून दाखव, पाढे म्हण" हे नेमकं त्याच वेळी सुचतं लोकांना. तेव्हा पोरं चिडचिडी, रडवेली होतात, ते औषध उतरल्याचं असतं. त्या वेळी खायला द्या आणि गच्चीवर मोकळं सोडा.

*

मेडिकल_धुळे

ताई, माझं धुळ्यात औषधाचं दुकान आहे. गोळीचा डोस आणि वेळ डॉक्टरच ठरवतील. व्यवहाराचं तेवढं सांगतो, कारण दर उन्हाळ्यात बाहेरगावचे लोक याच औषधासाठी वणवण फिरताना बघतो.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतं. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत आम्हाला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. तालुक्याच्या गावी ते मिळेल असं धरून चालू नका, आणि तोरणमाळला तर नाहीच. पुण्यातूनच पूर्ण मुक्कामाच्या आणि वर चार-पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन निघा. मूळ खोक्यासकट, चिठ्ठीच्या प्रतीसह. दोघांच्या वेगवेगळ्या. घर पोरांनी भरलेलं असतं, म्हणून उघड्यावर किंवा उशाखाली नको, कपाटात कुलपात ठेवा. "अभ्यासाची गोळी" म्हणून कुणी भाच्या-पुतण्यासाठी मागितली तर अजिबात देऊ नका. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेल्या माणसाला ती धोक्याची ठरू शकते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त होतं. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टपावरच्या बॅगेत औषध ठेवू नका, पर्समध्ये ठेवा. या औषधाने तहान-भूक मारली जाते आणि तोंड कोरडं पडतं, म्हणून उन्हात ठरवून पाणी प्या, मुलाला पाजा. चहा आवरा. खान्देशात दर घरी चहा होतो, नाही म्हणता येत नाही हे मान्य, पण या गोळीवर सात-आठ कप चहा झाला की छाती धडधडते.

सकाळची गोळी राहिली आणि दुपारी आठवली तर त्या दिवशी सोडून द्यायची हा सर्वसाधारण नियम. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. सुट्टीत मुलाची गोळी बंद ठेवावी का असं बरेच पालक विचारतात. काही मुलांना डॉक्टर तशी सुट्टी देतात, पण आपल्या मनाने नको. प्रवासात, नदीकाठी, घाटात पोराच्या तडकाफडकी वागण्याचा धोका उलट वाढतो. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी ॲटोमॉक्सेटीनवर (एडीएचडीचंच दुसरं औषध) असेल तर ती अधेमधे सोडूच नये. तिचा पूर्ण परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात.

*

भुसावळ_जंक्शन

माझ्या बायकोला आणि मोठ्या मुलीला एडीएचडी आहे. घरातलं वर ताईंनी छान सांगितलंय, मी ट्रॅव्हलरपुरतं लिहितो.

अजिंठा सोमवारी बंद असतं. तुमच्या बेतात तो वार येत नाही ना, ते आधी बघा. तिथे फर्दापूरच्या फाट्याला आपली गाडी सोडून पुढे त्यांच्या बसने जावं लागतं, त्यामुळे गाडीत राहिलेली पाण्याची बाटली, टोपी, गोळी दिवसभर हाताशी नसते. फाट्यावर उतरताना प्रत्येकाच्या पाठीवर आपली पिशवी, हा आमच्या घरचा नियम. तीसही लेणी पाहायचा हट्ट धरू नका. १, २, १६, १७ आणि शेवटाकडचं २६ एवढी शांतपणे पाहिली तरी भरपूर झालं. मुलीला मी प्रत्येक लेण्यात एकच गोष्ट शोधायला सांगतो. पहिल्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी, सव्विसाव्यात आडवा पहुडलेला बुद्ध. त्या बुद्धाच्या पायापासून डोक्यापर्यंत ती चालत गेली आणि मग खाली कोरलेल्या रडणाऱ्या माणसांपाशी बराच वेळ उभी राहिली. वर्गात तिला दहा मिनिटं बसवत नाही.

बेत तासातासाला बदलतोय त्यावर उपाय म्हणजे ग्रुप बघायचाच नाही. चुलतभावाला फोन करा आणि सांगा, "रात्री मला फक्त दोन गोष्टी कळव: सकाळी निघायचं किती वाजता आणि पहिला थांबा कुठे." ते कागदावर लिहून दाराला लावा. आमच्याकडे बायकोला "साडेसहाला निघू" सांगून भागत नाही. साडेसहा आणि आंघोळ यांत किती वेळ जाईल याचा अंदाज तिला येत नाही, हा या आजाराचाच भाग आहे. म्हणून आम्ही मागून मोजतो. गाडी साडेसहाला, चप्पल सव्वासहाला, आंघोळ साडेपाचला. प्रत्येकाला वेगळा गजर. बॅग रात्रीच गाडीत.

तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे, सातपायरीच्या घाटात वळणांवर वळणं लागतात. मुलाला पुढची, खिडकीची जागा द्या. मोबाइलची रेंज वर भरवशाची नाही, म्हणून महत्त्वाचं सगळं कागदावर. गजर रेंजशिवायही वाजतात. यशवंत तलावाच्या काठी मुलाचा हात धरायची पाळी एका वेळी एकाचीच, आणि ती नाव घेऊन ठरवा. सगळे बघतायत म्हणजे कुणीच बघत नसतं.

*

जिजी_पारोळा

माझं वय झालंय, नातू टाइप करून देतोय. माझ्या सुनेचं असंच आहे. मी तिला फार बोलले आजवर. हे वाचून कळलं की हात कामात असले की ती शांत का असते. पापडाला बसली की उठत नाही. मी काय करावं ते कुणी सांगेल का?

*

केळीची_बाग

जिजी, तिला पापडाला बसू द्या आणि वरकाम दुसऱ्या कुणाला सांगा. तिला काही सांगायचं तर आधी नाव घ्या, तिने वर पाहिलं की मग बोला. आणि चारचौघांत तिची बाजू घ्या. तुम्ही घेतली तर घरात कुणाची बोलायची टाप नाही.

*

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जिजी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

भुसावळच्या दादांनी सांगितलं म्हणून बेत पाहिला तर अजिंठा सोमवारीच होतं. भावाला फोन केला. आता रविवारी अजिंठा, सोमवारी पाटणादेवी. रोज रात्री वेळ आणि पहिला थांबा तो मला एकटीला कळवणार आहे. ते ऐकून शेजारून त्याची बायको म्हणाली, "ताई, मलाही हेच हवं होतं." मला वाटतं माझं माणूस तीच. तिच्याशी गावी गेल्यावर समोर बसून बोलेन, फोनवर नको.

मांडे मला येत नाहीत. आमच्याकडे ते मोठ्या काकूचं काम. पण चीक ढवळायला मला घ्या असं आईला सांगितलंय. ती म्हणाली, पहाटे चारला उठावं लागेल. उठेन. दुपारच्या जेवणाचंही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "मग रात्री तुले काय करू?" मी डुबुकवडे सांगितले.

मेडिकलवाले दादा, एक राहिलं. आम्ही रात्रीच्या रेल्वेने येतो, जळगावला उतरून घरी पोचेपर्यंत सकाळ उलटते. त्या दिवशी गोळी गाडीतच काहीतरी खाऊन घेतली तर चालेल का?

*

मेडिकल_धुळे

चालेल. रोजची वेळ आहे तीच धरा, घरी पोचायची वाट बघू नका. पोटात काही असलेलं बरं, म्हणून दशम्या-चटणी बरोबर घ्या, नुसत्या चहा-बिस्किटावर नको. गोळी पाण्याबरोबर आख्खी गिळायची, चावायची किंवा कुटायची नाही. मुलाला गिळता येत नसेल तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. आणि त्या दिवसाच्या दोन्ही गोळ्या रात्रीच एका छोट्या डबीत काढून पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवा. बर्थखालची बॅग सकाळच्या घाईत उघडावी लागू नये.